त्वचारोग तज्ज्ञांकडे जाताय? घरातली ट्यूब लपवू नका, पिशवीत घालून न्या

जांघेत, काखेत किंवा कमरेला खाज सुटली की पहिली धाव गावातल्या मेडिकलवर असते. "खाजेची ट्यूब द्या" एवढं म्हटलं की ट्यूब मिळते. लावली की दोन दिवसांत आराम पडतो. बंद केली की आठवड्याभरात खाज पुन्हा सुरू, आणि चट्टा आधीपेक्षा मोठा. मग दुसरी ट्यूब, मग शेजाऱ्याने सांगितलेली तिसरी. असे चार-सहा महिने निघून जातात. तोवर घरातल्या बायकापोरांनाही लागण झालेली असते. मग कुठे जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोग तज्ज्ञांकडे नंबर लावला जातो.

त्या दिवशी रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, दोन-तीन तास रांगेत जातात. डॉक्टरांसमोर मिळतात ती पाच-सात मिनिटं. डॉक्टर विचारतात, "आधी काय लावलं होतं?" उत्तर ठरलेलं असतं, "पांढरी ट्यूब होती, नाव नाही आठवत." इथेच निम्मी फेरी वाया जाते.

त्वचेच्या आजारात डॉक्टरांचं मोठं काम डोळ्यांनी बघून होतं. त्यामुळे कातडी जशी आहे तशी दिसली पाहिजे आणि तिच्यावर आजवर काय काय लावलं ते खरं कळलं पाहिजे. तयारी करायची ती एवढ्याचसाठी.

ट्यूबचं नाव इतकं महत्त्वाचं का?

मेडिकलवरून विचारून आणलेल्या खाजेच्या अनेक ट्यूबमध्ये दोन-तीन औषधं एकत्र असतात. एक बुरशी मारणारं, एक जंतू मारणारं आणि तिसरं स्टेरॉइड. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन असं एखादं नाव दिसलं, तर तिच्यात स्टेरॉइड आहे असं समजावं.

नायटा म्हणजेच गजकर्ण हा बुरशीचा आजार आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्याच स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. नायट्याची ओळख म्हणजे गोल आकार आणि उठावदार कडा. स्टेरॉइडमुळे ही कडाच पुसट होते आणि चट्टा भलत्याच आजारासारखा दिसू लागतो. आधी काय लावलं हे माहीत नसेल, तर अनुभवी डॉक्टरही बुचकळ्यात पडू शकतात.

अशी ट्यूब महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते. जांघेत आणि काखेत ओरखड्यासारखे पट्टे पडतात, आणि ते बहुधा कायमचे राहतात. चेहऱ्यावर गोरं होण्यासाठी म्हणून अशी क्रीम लावणाऱ्यांना लाली, पुळ्या, उन्हात आग होणे, चेहऱ्यावर केस वाढणे असा त्रास होतो. क्रीम बंद केली की त्रास उलटा वाढतो, म्हणून ती सुटतही नाही.

कातडीला लावायच्या अनेक स्टेरॉइड क्रीम २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'शेड्यूल एच'मध्ये घातल्या. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही त्या सर्रास हातात पडतात. स्टेरॉइड हे विष नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर स्वतःच ते देतात, पण किती, कुठे आणि किती दिवस लावायचं हे ठरवून देतात.

म्हणून डॉक्टर रागावतील या भीतीने ट्यूब घरी ठेवू नये. रिकामी, चेपलेली, अर्धी संपलेली, असेल तशी पिशवीत घालावी. खोका असेल तर तोही घ्यावा.

आधी कुठे जायचं?

प्रत्येक खाजेसाठी थेट जिल्ह्याला जायची गरज नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नायटा, खरूज, साधं इसब यांवर उपचार करता येतात. तिथे फरक पडला नाही तर ते ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी जपून ठेवावी.

* सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे असतात, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात.
* त्वचेचे डॉक्टर प्रत्येक रुग्णालयात रोज असतीलच असं नाही. कोणत्या वारी असतात, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, हे आधी फोन करून किंवा आशाताईंकडून विचारून घ्यावं. वार चुकला तर अख्खा दिवस वाया.
* घरबसल्या पहिला सल्ला हवा असेल तर सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेवर मोफत व्हिडिओ सल्ला मिळतो. आरोग्यविषयक माहितीसाठी १०४ या क्रमांकावर विचारता येतं.
* खासगी दवाखाना असेल तर पाटी नीट वाचावी. त्वचारोग तज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, डीडीव्ही अशी पदवी वा पदविका घेतलेला डॉक्टर. 'स्किन क्लिनिक' एवढी पाटी पुरेशी नाही. नंबर लावतानाच तपासणीची फी किती आणि दुसऱ्या भेटीला पुन्हा फी लागते का, हे विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पिशवीत काय काय घालायचं?

१. लावलेल्या सगळ्या ट्यूब, मलम, पावडर, साबण, तेल. गोरेपणाची क्रीम आणि केसांचा रंग यांचे खोकेही.

२. खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं. रिकामी असली तरी चालतील. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली असेल तर ती कोणत्या औषधाची होती ते चिठ्ठीवर लिहून आणावं.

३. जुने केसपेपर, चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट. तारखेप्रमाणे लावून, सगळ्यात नवा वर.

४. बीपी, शुगर, फिट, संधिवात, टीबी, थायरॉइड अशा आजारांच्या चालू गोळ्या. काही वेळा अंगावरचं पुरळ याच गोळ्यांमुळे उठलेलं असतं. मात्र तशी शंका आली म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

५. वैद्य, जडीबुटीवाले यांच्याकडचं औषध चालू असेल तर तेही. बिब्बा लावला असेल, झाडपाला बांधला असेल तर तसं सांगावं. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि मूळ आजार त्याखाली झाकला जातो.

६. आधार कार्ड, आणि असेल तर आभा कार्ड. मोबाइल चार्ज केलेला.

घरी बसून कागदावर लिहा

डॉक्टरांसमोर गेलं की निम्म्या गोष्टी आठवत नाहीत. आदल्या रात्री वहीच्या एका पानावर एवढं लिहून ठेवावं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावं.

* त्रास कधी सुरू झाला? दिवाळीत, पेरणीच्या वेळी, लग्नसराईत, असं आठवलं तरी चालेल.
* पहिल्यांदा अंगावर कुठे उठलं आणि पुढे कुठे पसरलं?
* खाज रात्री जास्त होते का? घरात आणखी कोणाला होते का? रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्यात आणि बेंबीभोवती पुरळ, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच त्रास, असं असेल तर खरजेची शक्यता मोठी. खरजेत सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावावं लागतं, नाहीतर ती फिरून येते. म्हणून घरात किती माणसं आहेत आणि कोणती मुलं लहान आहेत तेही लिहावं.
* काम काय करता? फवारणी, सिमेंटचं काम, भांडी घासणं, कांदा-लसूण सोलणं, गुरांमध्ये वावर, यातल्या प्रत्येकाचा कातडीशी संबंध येतो. चेहरा, मान, कोपराची आतली बाजू काळी पडून खाजत असेल आणि शेताच्या बांधावर गाजर गवत माजलं असेल, तर ते आवर्जून सांगावं. हे गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नजरेत आलं आणि नंतर देशभर पसरलं. त्याच्या हवेत उडणाऱ्या कणांनी अनेकांना जुनाट ॲलर्जी होते.
* आधी कोणत्या गोळीने किंवा सुईने अंगावर उठलं होतं का?

बाईमाणूस गरोदर असेल, पाळी चुकली असेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा लवकरच मूल हवं असेल, तर हे विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगावं. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन आणि सोरायसिसमधली मेथोट्रेक्सेट यांसारख्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं.

येऊन-जाऊन असणाऱ्या त्रासाचा फोटो काढा

अंगावर गांधी उठतात, दोन-चार तासांत मावळतात, आणि दवाखान्यात गेल्यावर अंग कोरं. अशा वेळी मोबाइलमधला फोटो कामी येतो. गांधी उठल्या की लगेच दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. एक लांबून, म्हणजे जागा कळेल. एक जवळून, म्हणजे चट्टा कळेल. कॅमेऱ्याचं फिल्टर आणि ब्युटी मोड बंद असू द्यावं. गुप्त जागेचा फोटो काढला असेल तर तो कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार नाही याची काळजी घ्यावी.

जाण्याच्या दिवशी

* साधी अंघोळ करावी. घासून-घासून खपल्या काढू नयेत.
* त्या सकाळी चट्ट्यावर ट्यूब, तेल, हळद, पावडर काही लावू नये. मलमाच्या थराखाली कातडी दिसत नाही आणि बुरशीच्या तपासणीसाठी खरवड घ्यायलाही अडचण येते.
* आधीच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू असेल तर ते किती दिवस आधी थांबवायचं की थांबवायचंच नाही, हे नंबर लावताना विचारावं. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या एकदम कधीच बंद करू नयेत.
* चेहऱ्यासाठी जाताना क्रीम, पावडर, लिपस्टिक नको. नखांसाठी जाताना नेलपॉलिश आणि मेंदी नको. केसांसाठी जाताना तेल आणि ताजा कलप नको.
* कपडे सैल आणि लवकर काढता-घालता येणारे असावेत. एका चट्ट्यासाठी गेलं तरी डॉक्टर सगळं अंग, तळवे, नखं, तोंडाची आतली बाजू बघू शकतात.
* जांघेतला, स्तनाखालचा किंवा लघवीच्या जागेचा त्रास लाजेने लपवू नये. महिलेला तपासताना नर्स किंवा घरची बाई सोबत असावी, अशी मागणी करता येते.
* जेवण करून जावं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर तसं आधी सांगितलं जातं.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नसतं

बुरशीच्या शंकेसाठी चट्ट्याच्या कडेची थोडी खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात दुखत नाही. काही डाग अंधारात निळसर दिव्याखाली बघतात. क्वचित कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हे करण्याआधीच सांगावं.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डॉक्टर कापसाने किंवा पेनच्या टोकाने हलकं टेकवून कळतं का, असं विचारतात. न खाजणारा, न दुखणारा आणि स्पर्श न कळणारा चट्टा हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. घरी चटका देऊन किंवा सुई टोचून बघू नये, सरळ आरोग्य केंद्रात जावं. कुष्ठरोगाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर ती नियमित घेतली की आजार पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर त्या माणसापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने संपतो. उशीर केला तर मात्र नसा कायमच्या खराब होतात, बोटं वाकडी होतात. हा आजार पाप किंवा शापामुळे होत नाही, जंतूमुळे होतो.

बाहेर पडण्याआधी पाच प्रश्न

१. आजाराचं नाव काय? चिठ्ठीवर लिहून मिळेल का?

२. हे लागण होणारं आहे का? घरच्यांना तपासायला आणू का?

३. मलम किती, कुठे आणि किती दिवस लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेलं मलम साधारण दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, असा ढोबळ हिशेब असतो.

४. चट्टा दिसेनासा झाला तरी औषध चालू ठेवायचं का? नायट्यात बहुतेक वेळा ठेवावंच लागतं. मध्येच सोडल्यामुळेच तो उलटतो.

५. परत कधी यायचं, आणि काय झालं तर त्याआधीच यायचं?

औषधं महाग वाटली तर तेही डॉक्टरांना सांगावं. जेनेरिक औषध लिहून मिळू शकतं, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतं. परवडत नाही म्हणून निम्मंच औषध घेणं सगळ्यात वाईट. आणि मेडिकलवाल्याने "हीच कंपनी सारखी आहे" म्हणून दुसरी ट्यूब दिली तर त्यातल्या औषधाचं नाव चिठ्ठीशी ताडून बघावं.

नायट्यात औषधाइतकीच घरची शिस्तही महत्त्वाची. टॉवेल, चड्डी, साबण प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. घामाची ओली चड्डी आणि घट्ट जीन्स टाळावी. अंघोळीनंतर जांघ आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

इथे नंबरची वाट बघू नका

* नवीन औषध सुरू केल्यावर ताप, डोळे लाल, तोंड आलेलं, अंगावर फोड किंवा कातडी सुटणे. औषध दाखवायला सोबत घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जावं.
* अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजणे किंवा श्वास लागणे. १०८ ला फोन करावा.
* पाय किंवा चेहरा लाल, गरम, दुखरा होऊन झपाट्याने सुजणे आणि सोबत ताप. शुगरच्या रुग्णाने तर एक दिवसही थांबू नये.
* नागीण. एका बाजूला आग होऊन पाण्याचे फोड आले की तीन दिवसांच्या, म्हणजे ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर फायदा सगळ्यात जास्त होतो. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. कांजिण्यांचा शरीरात दडून बसलेला विषाणूच पुन्हा जागा होतो. मंत्र, गेरू आणि उतारा यात हे तीन दिवस निघून जातात. डोळ्याजवळ फोड असतील तर डोळ्याच्या डॉक्टरांनाही दाखवावं.
* महिनाभर न भरणारी जखम, किंवा आकार-रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ.

निघण्याआधी एकदा बघा

ट्यूब आणि खोके घेतले? गोळ्यांची पाकिटं? जुने कागद? लिहिलेलं पान? मोबाइलमध्ये फोटो? आधार? चट्ट्यावर आज काही लावलेलं नाही ना? डॉक्टर आज बसणार आहेत हे फोनवर विचारलं?

एवढं झालं की निघावं. आणि डॉक्टरांनी "आधी काय लावलं?" असं विचारलं, की पिशवी टेबलावर ठेवावी.